नातेवाईकांच्या ग्रुपवर: मामांचे चार ब्राउझर

मामा: मंडळी, क्रोमला रामराम ठोकला आहे. ब्रेव्ह, विवाल्दी, ऑपेरा आणि एज असे चार ब्राउझर लावून पाहिले. चारही क्रोमपेक्षा सुसाट. इतकी वर्षं उगाच खटारा ओढत होतो.

मामी: चौघांचे आयकॉन डेस्कटॉपवर पसरलेत. माझं फोल्डर कुठे गेलं ते आधी सांगा.

मामेभाऊ: बाबा, ते चारही आतून क्रोमच आहेत.

मामा: असं कसं? कंपन्या वेगळ्या आहेत ना?

मामेभाऊ: ताई, तू सांग. माझं ऐकत नाहीत.

मी: कंपन्या वेगळ्याच आहेत, मामा. पण पानाचा कोड वाचून ते पडद्यावर मांडणारं इंजिन चौघांचंही एकच, ब्लिंक, म्हणजे क्रोमचंच. क्रोम ज्यावर उभा आहे त्या क्रोमियमचा कोड खुला आहे, तो घेऊन कोणीही आपला ब्राउझर काढू शकतं. ऑपेराकडे २०१३ पर्यंत स्वतःचं इंजिन होतं, ते सोडून दिलं. मायक्रोसॉफ्टनेही स्वतःचं इंजिन बाजूला ठेवून जानेवारी २०२० मध्ये क्रोमियमवरचा एज आणला. रोजच्या वापरातली वेगळी इंजिनं म्हणजे फायरफॉक्सचं गेको आणि सफारीचं वेबकिट. बस्स.

मामा: मग वेग कुठून आला? भास नाहीये हा. क्रोमवर बातम्यांचं पान स्थिरस्थावर होईपर्यंत ब्रेव्हवर अर्धी बातमी वाचून होते.

मी: भास नाहीच. ब्रेव्ह जाहिराती आणि आपल्या मागावर राहणारे ट्रॅकर पहिल्यापासूनच अडवतो. बातम्यांच्या पानावर बातमी थोडी आणि बाकीचंच फार असतं, तेवढं उतरवायचं वाचतं. पण दुसरं कारण मला मोठं वाटतं. नवा ब्राउझर रिकामा असतो. तुमच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडलेली छोटी साधनं, किती आहेत ते बघा बरं.

मामा: थांब.

मामा: अकरा! त्यातली निम्मी कधी टाकली आठवत नाही. दोन कूपनवाली आहेत. एक पीडीएफवालं.

मी: कूपनवाल्याचा 'तपशील' उघडा. काय परवानगी दिली आहे?

मामा: 'सर्व वेबसाइटवरील तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे'. हे मी दिलं?

मामेभाऊ: 'जोडा' दाबलंत तेव्हाच दिलंत.

मी: म्हणजे तुम्ही कुठलंही पान उघडा, ते तिथे हजर. आता एक करा. क्रोममध्ये वर उजवीकडे गोल चित्र दिसतं, त्यातून नवं प्रोफाइल काढा. साइन-इन करू नका, काही जोडू नका. तेच बातम्यांचं पान उघडून बघा.

मामा: हं. जुन्यापेक्षा पुष्कळच लवकर आलं. ब्रेव्हइतकं नाही.

मी: तो उरलेला फरक जाहिरातींचा. म्हणून म्हणते, नव्या ब्राउझरची तुलना आपल्या भरलेल्या जुन्याशी करायची नाही, त्याच जुन्याच्या कोऱ्या प्रोफाइलशी करायची. नाहीतर दरवेळी नवाच जिंकणार, आणि वर्षभराने तोही रखडायला लागणार.

मावशी: दादाचं झालं असेल तर माझं बघा. फोनवर एखाद्या ॲपमध्ये लिंक दाबली की पान तिथेच आत उघडतं आणि परत लॉगिन मागतं. ब्राउझर बदलून जाईल का?

मी: नाही गं मावशी. काही ॲप लिंक स्वतःच्याच खिडकीत उघडतात. त्या खिडकीच्या कुकीज, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदी, वेगळ्या, म्हणून ब्राउझरमधलं तुझं लॉगिन तिला माहीतच नसतं. वरच्या तीन ठिपक्यांत 'ब्राउझरमध्ये उघडा' असं काहीतरी सापडेल, ते दाबत जा.

मामेभाऊ: आत्या, अँड्रॉइड आहे ना? फायरफॉक्स टाक आणि त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन. फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालतच नाहीत.

मी: हे मात्र खरंच करण्यासारखं आहे. फक्त क्रोम लगेच काढू नकोस. एखादी बँकेची साइट फायरफॉक्समध्ये अडली तर तेवढ्यापुरता लागतो.

मावशी: आणि आयपॅडवर?

मी: तिथे हौस असेल तर कर. ॲपलच्या नियमाने आयफोन-आयपॅडवर सगळ्यांना वेबकिटच वापरावं लागतं. युरोपीय संघात कायद्यामुळे २०२४ पासून सूट द्यावी लागली, इतरत्र बहुतेक ठिकाणी तो फायरफॉक्सच्या कपड्यातला सफारीच. फोनवरचे बुकमार्क तिकडे दिसतात, एवढाच फायदा.

मामा: माझे पासवर्ड मात्र सहजी येत नव्हते. शेवटी क्रोममधून फाइल काढून ब्रेव्हमध्ये भरले. चिरंजीवांची कृपा.

मी: ती सीएसव्ही फाइल आता कुठे आहे?

मामा: डाउनलोड्समध्येच असेल.

मी: नोटपॅडमध्ये उघडून बघा.

मामा: अरे बापरे. साइट, युजरनेम, पासवर्ड, सगळं ओळीने लिहिलंय!

मी: आत्ताच्या आत्ता उडवा. रिसायकल बिनमधूनही. ते फोल्डर क्लाउडवर सिंक होत असेल तर तिथूनही. आणि हो, पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी बोटाच्या ठशाने किंवा पिनने लॉगिन करायच्या किल्ल्या, त्या फाइलमधून येत नाहीत. ज्या साइटवर पासकी आहे तिथे नवी करावी लागेल.

मामेभाऊ: मी फाइल डिलीट करा असं सांगितलं होतं.

मामी: नव्हतं सांगितलं. मी तिथेच बसले होते.

मामा: बरं, चारातला ठेवू कुठला? आणि ही मंडळी फुकट का देतात, तेही सांग.

मी: बहुतेकांचा पैसा शोधपेटीतून येतो. ठरावीक सर्च इंजिन आधीपासून लावून ठेवलं की ती कंपनी पैसे मोजते. फायरफॉक्सचं तर मुख्य उत्पन्नच गूगलकडून येतं. ठेवायचा कुठला हे ठरवताना मी वेगाआधी अपडेट बघते. क्रोमियममध्ये सुरक्षेचं छिद्र बुजवलं की ती दुरुस्ती या सगळ्यांना आपापल्या ब्राउझरमध्ये आणावी लागते. मोठे लगेच आणतात, एकहाती चालणारे मागे पडतात. अँड्रॉइडवरचा किवी लोकांचा लाडका होता, जानेवारी २०२५ मध्ये बंद झाला. आर्कचं केवढं कौतुक झालं, पण पुढे त्याच्या कंपनीने नवी कामं थांबवून डिया हा दुसरा ब्राउझर हाती घेतला. तुम्हाला टॅबचे गट वगैरे लावायचा नाद आहे, तर विवाल्दी. नुसतं वाचायचं असेल तर ब्रेव्ह. दोन्ही मात्र नकोत.

मामेभाऊ: आणि एआयवाले? कॉमेट, ॲटलस? मी कॉमेट लावलाय, फॉर्म स्वतः भरतो.

मी: तो कुठे कुठे लॉगिन करून ठेवलायस?

मामेभाऊ: मेल, कॉलेज, सगळीकडे.

मी: मेल काढ आधी. पानावर माणसाला न दिसणारा मजकूर लपवून त्यातून ब्राउझरमधल्या या एआय सहायकाला हुकूम देता येतात. तुझी सूचना कुठली आणि पानावरची कुठली, यात तो फसू शकतो. गंमत म्हणून वापर, पण लॉगिन नसलेल्या प्रोफाइलमध्ये.

मामेभाऊ: मग फॉर्म कसा भरणार तो?

मी: तू भर.

मामी: माझं एक राहिलं. कंप्युटर एकच आहे. हे सारखं काहीतरी बदलतात, माझं प्रोफाइल वेगळं केलं तर त्याला कुलूप लागतं का?

मी: नाही मामी. क्रोमचं प्रोफाइल शेजारच्याला एका क्लिकवर उघडतं. विंडोजमध्येच तुमचं वेगळं खातं काढा, त्याला पासवर्ड लावता येतो. ब्राउझर, फाइली, डेस्कटॉप, सगळंच वेगळं होईल.

मामी: डेस्कटॉपसुद्धा? मग आजच काढते.