कंपनीज हाउसचा पर्सनल कोड: सहसंचालक नाशिकला, पासपोर्ट बिनचिपचा. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमध्ये आमची छोटी लिमिटेड कंपनी आहे, कंपनीज हाउसकडे (ब्रिटनची सरकारी कंपनी नोंदणी कचेरी) नोंदलेली. संचालक दोघेच, मी आणि माझा मेहुणा, शेअरही निम्मे-निम्मे. मी लेस्टरला, तो नाशिकला. आजवर कन्फर्मेशन स्टेटमेंट (कंपनीची नोंदलेली माहिती बरोबर असल्याचं दरवर्षीचं निवेदन) म्हणजे कंपनीचा सहा अक्षरी ऑथेंटिकेशन कोड टाकायचा, फी भरायची, झालं. १८ नोव्हेंबर २०२५ पासून संचालकांची ओळख पडताळणी सक्तीची झाली आणि आता त्याच फाइलिंगला पडताळणीनंतर मिळणारे दोघांचे अकरा अक्षरी पर्सनल कोडही लागताहेत.

माझी पडताळणी ब्रिटिश सरकारच्या वन लॉगिन ॲपवर विनासायास झाली. घोडं अडलंय मेहुण्यापाशी. त्याचा भारतीय पासपोर्ट जुना, मुखपृष्ठावर ते चिपचं सोनेरी चिन्ह नाही. ॲपला चिपवालाच पासपोर्ट हवा, नाहीतर ब्रिटिश लायसन्स. तो इकडे फक्त फिरायला आलेला माणूस, लायसन्स कुठून आणणार?

त्याच्यासाठी कुठला मार्ग आहे? शिवाय आम्ही दोघं पीएससीही (कंपनीवर मोठा ताबा असलेल्या व्यक्ती) आहोत, तर तोच कोड पुन्हा द्यायचा का? आणि अकाउंटंट म्हणतोय, "कोड मला पाठवा, मी भरतो." पाठवावा का?

हिशेबनीस:
इथे हेच काम करतो म्हणून सांगतो. ब्रिटनमधल्या पोस्ट ऑफिसचा पर्याय आहे, पण तिथे माणूस स्वतः हजर लागतो, म्हणजे मेहुण्यांसाठी तो बाद. त्यांची पडताळणी एसीएसपीकडून करून घ्या, म्हणजे कंपनीज हाउसकडे नोंदलेला अधिकृत एजंट. नाशिकचा सीए कितीही घरचा असला तरी चालणार नाही. एजंटवर ब्रिटनमधल्या मनी लाँडरिंगविरोधी यंत्रणेची देखरेख असावी लागते. सरकारी मार्ग फुकट आहे, एजंट मात्र आपापली फी लावतात. आधी आकडा विचारा, मगच कागद पाठवा.

पीएससीचं म्हणाल तर हो, कोड तोच, पण द्यायचा वेगळा. लोक नेमके इथेच गाफील राहतात. संचालक म्हणून कोड कन्फर्मेशन स्टेटमेंटसोबत जातो. पीएससी म्हणून तो वेगळ्या ऑनलाइन सेवेतून द्यायचा, त्यालाही १४ दिवसांची मुदत असते. कंपनीज हाउसच्या रजिस्टरवर कंपनीच्या पानावर प्रत्येकाच्या नावापुढे तारीख दिसते, ती बघून घ्या.

सावलीतला:
अकाउंटंटला कोड द्यायला हरकत नाही, फाइलिंग तोच करत असेल तर द्यावाच लागतो. पण व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवर नको, हसू नका, लोक टाकतात! ऑथेंटिकेशन कोड कंपनीचा, हा माणसाचा. उद्या दुसऱ्या कंपनीत संचालक झालात तरी हाच लागणार.

हिशेबनीस:
राहिलंच. एजंटने पडताळणी केली की कोड कंपनीज हाउसकडून त्या व्यक्तीच्या ईमेलवर येतो. मेहुण्यांचा स्वतःचा ईमेल द्या, तुमचा नको.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. आमचा अकाउंटंट एसीएसपी आहे का ते उद्याच विचारतो. मेहुण्याचा ईमेल त्याची मुलगी बघते आणि पासवर्ड फक्त तिलाच माहीत, तर पहिला फोन आता भाचीला.