वकिलाविना लढलेला दावा सुरुवातीलाच नामंजूर: अपील करावं का?

चौकस
माझ्या परिचितांनी विक्रेती कंपनी, फायनान्स कंपनी आणि विमा कंपनी, अशा तिघींवर दिवाणी दावा लावला. वकील नाही, सगळं स्वतःच. कंपन्यांचे वकील हजर झाले आणि कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) राहिली बाजूला, आधी आला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ७ रूल ११ चा, म्हणजे वादपत्र (दाव्याचा मूळ लेखी अर्ज) सुरुवातीलाच नामंजूर करा म्हणणारा अर्ज: 'दाव्यास कारणच नाही'. वादपत्र नामंजूर! घरचे म्हणतात, झालं तेवढं पुरे. माझं मत, अपील करावंच. या टप्प्यावर कोर्टाने फक्त वादपत्र आणि सोबतचे कागद बघायचे असतात, प्रतिवादीचा बचाव नाही. इथे तर निकालपत्रात कंपनीच्या अर्जातली वाक्यं जशीच्या तशी उतरली आहेत.

तिरकस
वादपत्र वाचलंत का? स्वतः लिहिलेल्या वादपत्रात मनस्ताप असतो, कॉल सेंटरचा उद्धटपणा असतो. कोणत्या कंपनीने कोणत्या तारखेला करारातली कुठली अट मोडली, तेवढंच नसतं. नुसत्या शब्दांच्या कसरतीने कारण उभं केलं असेल तर दावा सुरुवातीलाच संपवावा, हे सर्वोच्च न्यायालय १९७७ पासून सांगतंय. अपिलातही तेच वादपत्र वाचणार ना? त्यापेक्षा त्याच ऑर्डरचा रूल १३ आहे. त्याच कारणावर नवा दावा लावा, या खेपेला नीट लिहून.

चौकस
नवा दावा मुदतीत बसायला नको? करारभंगाला ३ वर्षं, आणि त्यातली बरीचशी तारखांवर तारखा घेण्यात गेली. रूल १३ कागदावर छान दिसतो हो.

नक्कलविभाग
मुदतीचं निघालंच आहे तर आधी हे बघा. वादपत्राची नामंजुरी हा कायद्याने हुकूमनामा (डिक्री) धरतात, म्हणून त्याच संहितेच्या कलम ९६ खाली पहिलं अपील. जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९०. प्रमाणित नकलेचा अर्ज आजच टाका. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, तुम्ही अर्ज न करता घालवलेले होत नाहीत. आणि दावा गैरहजेरीमुळे काढून टाकला असेल तर अपील नाहीच. त्याच कोर्टात ऑर्डर ९ रूल ९ खाली दावा पुन्हा नंबरावर घेण्याचा, म्हणजे परत सुरू करण्याचा अर्ज. इथे लोक हमखास गल्लत करतात.

तिरकस
आणि अपील हरलं तर? तिन्ही कंपन्यांचा खर्च बोकांडी बसू शकतो. वकील नाही म्हणून कायदा सैल होत नाही. महिला, अनुसूचित जाती-जमाती, कमी उत्पन्न यात बसत असतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. स्वतःच लढायचा हट्ट कशाला?

चौकस
हट्ट नाही. दाव्याची रक्कम ऐकून वकिलांनीच हात वर केले.

आडवाटसरू
तिरकसराव, खर्चाची भीती घालण्याआधी एक मुद्दा. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय की या नियमाखाली वादपत्र जातं तर सगळंच जातं, एखाद्या प्रतिवादीपुरतं नामंजूर करता येत नाही. म्हणजे एकट्या फायनान्स कंपनीविरुद्ध जरी कारण दिसत असलं, तरी वादपत्र टिकायला हवं होतं. चौकस, अपिलात हाच मुद्दा पहिला घ्या. 'साहेबांनी माझं ऐकलं नाही' असलं काही नको. लिहायचं ते असं: 'परिच्छेद ९ मध्ये जादा हप्ता कापल्याची तारीख व रक्कम नमूद आहे, निकालपत्रात तिचा विचार झालेला नाही.' परिच्छेदात ती तारीख खरंच असली तर. नसेल, तर मीही तिरकसरावांच्या बाजूने.