मार्केटिंग विभाग बिघडतो तो आकड्यांमुळे की साहेबांमुळे?

आकडेमोड्या: आमच्याकडे दर सोमवारी डॅशबोर्ड उघडतो. ओपन रेट, म्हणजे किती जणांनी आपला मेल उघडला ते, वर; लीड, म्हणजे संभाव्य ग्राहकांच्या नोंदी, वर; सगळे खूश. सेल्सवाले मात्र बोंबलतात. परवाच्या शीटमध्ये एका लीडची कंपनी 'एबीसी' आणि मोबाईल नंबर म्हणजे ओळीने नुसते नऊ! तरी ती मोजली, कारण टार्गेट फॉर्म भरून घेण्याचं आहे. माझं मत: माणसं वाईट नसतात, स्वतःच फुगवता येतील अशा आकड्यांवर त्यांना जोखलं जातं. ओपन रेटच घ्या. 2021 मध्ये ॲपलने मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन आणलं. ते चालू असेल तर मेलमधली चित्रं वाचणाऱ्याने मेल न उघडताही ॲपलच उतरवून घेतं, आणि आपलं टूल समजतं मेल उघडला. आमचं अप्रेझल अजून त्यावरच.

जुनी खुर्ची: आकडे बिचारे काय करतील? ते ठरवतं कोण? आमच्याकडे सोमवारी 'ब्रँड बिल्डिंग', बुधवारी 'मला लीड हव्यात', शुक्रवारी प्रतिस्पर्ध्याचा व्हिडिओ पाहून 'आपण असं का करत नाही?' लाँचच्या आदल्या संध्याकाळी लीगलवाले हेडलाइनच उडवतात. उद्या हवा तो आकडा लावा, गोंधळ हाच राहील.

सेल्सकडचा: दोघंही स्वतःला सोडून बोलताय. कचरा लीड पाठवायच्या आणि वर 'फॉलोअप केला नाही' म्हणायचं.

आकडेमोड्या: चांगल्या लीडसुद्धा तुमच्या शीटमध्ये दोन-दोन दिवस पडून असतात, त्याचं काय?

सेल्सकडचा: पडून असतात, मान्य. पन्नास खोट्या नंबरांत एक खरा शोधायचा तर वेळ लागतोच.

आकडेमोड्या: जुनी खुर्ची, आकडा बदलला की वागणं बदलतं हो. ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटने 2012 मध्ये स्वतःचंच नाव सर्च केल्यावर वर दिसणाऱ्या जाहिराती प्रयोग म्हणून बंद केल्या. जवळजवळ सगळे लोक खालच्या फुकटच्या लिंकवरून आलेच. म्हणजे जे येणारच होते त्यांचं श्रेय जाहिरात खात होती. असं मोजलं तर निम्मे डॅशबोर्ड उघडे पडतील.

जुनी खुर्ची: तो प्रयोग करू दिला कोणी? वरच्यांनीच ना? शिवाय ईबे आधीच घराघरांत माहीत होतं. ज्याचं नाव कोणी ऐकलेलं नाही, त्याने हे डोळे झाकून करू नये. त्याच्या नावावर स्पर्धकाची जाहिरात टपून बसलेली असते.

नवखी: एवढा वैताग आहे तर नोकरी का बदलत नाही कोणी?

जुनी खुर्ची: बदलली. तिथेही सोमवारी डॅशबोर्डच उघडतो.

आकडेमोड्या: ठीक. निम्म्या भागांत महिनाभर नावाच्या जाहिराती थांबवू द्या, असं मागून बघतो.

सेल्सकडचा: माग, पण तिमाही संपल्यावर. बोनस व्हायचाय अजून.