टोटल लॉस गाडी: आयडीव्ही (पॉलिसीत ठरलेली गाडीची किंमत) 4,80,000, कंपनी म्हणते 2,62,000 घ्या

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. या फेऱ्यातून कोणी गेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. शुक्रवारपर्यंत उत्तर द्या असं विमा कंपनीने फोनवर सांगितलंय.

आमची स्विफ्ट, जानेवारी 2022 ची, पेट्रोल, एमएच 50 पासिंग. गेल्या महिन्यात मिस्टर पुण्याला निघाले होते. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर ते एस वळण आहे ना, तिथे ट्रकने मागून ठोकलं आणि गाडी कठड्यावर जाऊन आदळली. मिस्टरांचं मनगट प्लास्टरमध्ये आहे, बाकी देवाची कृपा. गाडी मात्र पुढून-मागून चेपली, दोन्ही एअरबॅग फुटल्या, छताला घडी पडली. सध्या साताऱ्यात वर्कशॉपमध्ये उभी आहे.

पॉलिसी फर्स्ट पार्टी, झिरो डेप नाही, म्हणजे पार्टचा घसारा आपणच सोसायचा. वर्कशॉपचं एस्टिमेट 4,31,000. नुकसान मोजायला आलेल्या सर्व्हेअरने ते 3,52,000 वर आणलं. मग क्लेमवाल्या साहेबांचा फोन: "मॅडम, रिपेअर केली तर डेप्रिसिएशन तुमच्या अंगावर येईल. त्यापेक्षा 2,62,000 घ्या आणि गाडी तुमच्याकडेच ठेवा, विका कुठेतरी." सांगाड्याची किंमत त्यांनी 2,17,000 धरलीय. कराडच्या भंगारवाल्याला फोटो दाखवले, तो 1,20,000 च्या वर जाईना.

कर्ज 1,86,000 बाकी आहे. बँकेचे गेले की हातात उरतात 76,000 आणि एक सांगाडा. सासूबाईंना दर पंधरवड्याला दवाखान्यात न्यावं लागतं, गाडीवाचून अडतंय. आकडा वाढवून मागता येतो का? मागायचा तर कसा?

सह्याद्री_77

वहिनी, स्पष्ट सांगतो, घेऊन मोकळ्या व्हा. माझ्या मेहुण्याने वर्षभर हेलपाटे घातले, शेवटी पंधरा-वीस हजार वाढले. तोवर गाडी उन्हापावसात सडली ती वेगळीच.

न्यूजर्सीकर

इकडे अमेरिकेत गाडी टोटल झाली की अपघाताच्या आदल्या क्षणी बाजारात तिची जी किंमत होती ती देतात. म्हणून आपण आपल्या भागातल्या तशाच गाड्यांच्या जाहिराती जमवायच्या: तेच मॉडेल, तेच वर्ष, साधारण तेवढंच रनिंग. कंपनीच्या रिपोर्टमध्ये आपल्या गाडीचं व्हेरियंट चुकीचं तर लावलं नाही ना तेही बघायचं. माझ्या बाबतीत याच कागदांवर रक्कम वाढली. तुम्हीही सेकंड हँड स्विफ्टचे भाव काढून ठेवा.

वाशिष्ठीकाका

कोयनाकाठ ताई, शुक्रवारची मुदत फोनवरची आहे आणि आकडाही फोनवरचाच. लेखी आल्याशिवाय होही म्हणू नका, नाहीही म्हणू नका. डिस्चार्ज व्हाउचरवर, म्हणजे रक्कम मान्य असल्याच्या कागदावर, सही तर अजिबात नको.

मी चिपळूणचा. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा आमच्या गल्लीतली एकही गाडी वाचली नाही. मी बँकेतून निवृत्त, कागदांची सवय. स्वतःचा क्लेम मिटल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांचेही कागद करून दिले. तुमच्यासारखाच फोन तेव्हा कितीतरी घरांत आला होता आणि माणसं घाबरून सह्या करत होती. ते बघून फार वाईट वाटायचं, अजून वाटतं.

न्यूजर्सीकरांनी सांगितलं ते तिकडे बरोबर आहे. आपल्याकडे जाहिराती गोळा करण्यात वेळ घालवू नका. गाडीची किंमत पॉलिसी घेतानाच ठरलेली असते, तीच आयडीव्ही. छापील पॉलिसी काढून वाचा. टोटल लॉससाठी पॉलिसीचं पूर्ण वर्ष हीच किंमत बाजारभाव मानली जाईल, पुढे घसारा लावणार नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. कंपनीने ज्या किमतीवर हप्ता घेतला ती क्लेमच्या वेळी मनाला येईल तशी खाली आणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2008 मध्ये सांगितलंय. त्यामुळे 4,80,000 वर वाद घालायची गरजच नाही, आणि साहेबही त्यावर बोलत नाहीयेत. त्यांनी हिशोब असा केलाय: 4,80,000 वजा सांगाडा 2,17,000 वजा सक्तीची कपात 1,000, उरले 2,62,000.

सगळी मेख 2,17,000 मध्ये आहे.

हा आकडा येतो कुठून? कंपनी किंवा सर्व्हेअर गाडीचे फोटो सॅल्व्हेज, म्हणजे सांगाडा, घेणाऱ्यांकडे पाठवतात, ते बोली लावतात आणि सगळ्यात मोठी बोली धरली जाते. मग सरळ विचारा: ज्याने 2,17,000 ची बोली लावली त्याचं नाव, नंबर आणि बोलीची मुदत लेखी द्या. तो माणूस खरंच त्या भावाने गाडी उचलत असेल तर कंपनीचे 2,62,000 आणि त्याचे 2,17,000 मिळून 4,79,000 होतात आणि तुमचं काही नुकसान नाही. तो उचलणार नसेल तर तो भाव तुमच्या पैशातून कापायचा हक्क कंपनीला कसा? आमच्या शेजारच्या किराणावाल्यांना असाच एक भाव लावला होता. बोलीवाल्याला फोन केला तर म्हणाला, ती बोली कधीच संपली, आता निम्म्याने घेतो. ते उत्तर आम्ही कंपनीला लेखी कळवलं तेव्हा कंपनीने सांगाडा स्वतः घेतला.

आता आरसी. हे नीट वाचा, पैशापेक्षाही महत्त्वाचं आहे. बोली दोन तऱ्हेच्या असतात, आरसीसकट आणि आरसीशिवाय. आरसीसकट भाव पुष्कळ जास्त येतो. का, तर काही लोकांना गाडी नकोच असते, कागद आणि चासी नंबर हवा असतो. चोरीच्या गाडीवर तो नंबर चढतो आणि ती तुमच्या नावाने रस्त्यावर फिरते. उद्या तिने कोणाला उडवलं तर आरटीओत नाव तुमचं. विकलेली गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली नसेल तर भरपाईला नोंदणीकृत मालकच जबाबदार, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल आहे. म्हणून फॉर्म 29 आणि 30, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म, कोरे सही करून कोणालाही देऊ नका, दहा हजार जास्त देतो म्हणाला तरी.

माझं मत विचाराल तर आरसी रद्द करा आणि सांगाडा कंपनीला उचलायला सांगा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे गाडी वापरण्याजोगी उरली नाही तर 14 दिवसांत आरटीओला कळवायचंच असतं. कंपनीला आजच मेल करा, मराठीतून केलात तरी चालेल. साधारण असं लिहा:

"आपल्या प्रतिनिधीने फोनवर 2,62,000 रुपयांचा प्रस्ताव सांगितला. तो मला मान्य नाही. कृपया लेखी द्यावे: सर्व्हे रिपोर्टची प्रत, दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या किती टक्के धरला आणि कोणत्या आधारावर, सॅल्व्हेजच्या सर्व बोली, बोलीदारांची नावे आणि मुदत, बोली आरसीसह की आरसीशिवाय. मी आरसी रद्द करून गाडी कंपनीच्या ताब्यात देण्यास तयार आहे. त्या आधारे आयडीव्हीतून फक्त सक्तीची कपात वजा करून रक्कम मंजूर करावी."

रागाचा शब्द घालू नका. हा मेल पुढे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या लोकपालासमोर वाचला जाऊ शकतो.

डेंटिंगपेंटिंग_कोल्हापूर

काकांशी पूर्ण सहमत. मी बॉडीशॉपमध्ये ॲडव्हायझर आहे, फक्त एस्टिमेटबद्दल बोलतो.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. तुमची रेषा 3,60,000 वर आहे आणि सर्व्हेअर 3,52,000 वर थांबलाय. फरक फक्त 8,000 चा. मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही, पण वर्कशॉपला एक प्रश्न विचारा: एस्टिमेट गाडी खोलून केलंय की वरून बघून? कठड्यावर गाडी चढली म्हणजे खालून मार लागलेला असणार. सबफ्रेम, स्टिअरिंग रॅक, साईड मेंबर, एप्रन हे लिफ्टवर घेतल्याशिवाय दिसत नाही. एअरबॅग फुटल्या की सीट बेल्टचे प्रीटेन्शनर आणि मोड्यूलही बघावे लागतात. छताला घडी आहे, म्हणजे पिलर सरळ राहिलेत का ते मोजून घ्यायला लावा. जे सापडेल त्याचं सप्लिमेंटरी एस्टिमेट करून सर्व्हेअरला परत बोलवा. हे रोजचं काम आहे, त्यात कोणाला वाईट वाटायचं कारण नाही.

आणि कोणी कितीही सांगितलं तरी ही गाडी रिपेअर करून घेऊ नका. झिरो डेप नाही, त्यामुळे प्लास्टिक आणि रबराचे 50 टक्के तुमचे, तीन ते चार वर्षांच्या गाडीला लोखंडी पार्टचे 25 टक्के तुमचे. लाखाच्या आसपास खिशातून जातील. एवढं करूनही छत कापून जोडलेल्या गाडीत मी माझ्या घरच्यांना बसवणार नाही.

कोयनाकाठ

काका, दादा, खूप आभार. मेल पाठवला. वर्कशॉपमध्ये विचारलं तर खरंच गाडी लिफ्टवर घेतलीच नव्हती! उद्या घेतो म्हणालेत.

एक अडचण. क्लेमवाले आता म्हणतात, आधी आरसी रद्द करून आणा, मग पैसे. आरटीओत गेलो तर म्हणतात, आरसीवर बँकेचा बोजा आहे, एनओसी आणा. बँक म्हणते, कर्ज फेडा मग एनओसी. 1,86,000 आम्ही आत्ता कुठून आणायचे?

आणि हे सगळं करूनही नाहीच ऐकलं तर?

वाशिष्ठीकाका

या चक्रात चिपळुणात निम्मी माणसं अडकली होती. बँकेकडून फोरक्लोजर लेटर घ्या. त्यात अमुक तारखेपर्यंत इतकी रक्कम भरल्यास कर्ज बंद होईल असं लिहिलेलं असतं. ते कंपनीला पाठवा आणि म्हणा, यातली रक्कम थेट बँकेत भरा, उरलेली आरसी रद्द झाल्यावर मला द्या. बोजा असेल तर कंपनीला बँकेचे पैसे आधी द्यावेच लागतात, त्यामुळे यात ती काही वेगळं करत नाही. बँक एनओसी आणि फॉर्म 35 देईल, त्यावर आरटीओत बोजा उतरेल आणि मग आरसी रद्द. फोरक्लोजर लेटरची तारीख उलटू देऊ नका, व्याजाचे चार पैसे वाढले की सगळं पत्र नव्याने करावं लागतं.

ऐकलं नाही तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा, आणि आयआरडीएआयच्या, म्हणजे सरकारी विमा नियामकाच्या, बीमा भरोसा पोर्टलवर टाका. फोन करायचा तर 155255. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर विमा लोकपाल, तुम्हाला पुण्याचं कार्यालय लागेल. फी नाही, वकील नाही, 50 लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून वर्षाच्या आत जायचं. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, त्याला दोन वर्षांची मुदत. पण तिथे प्रकरण घातलं की लोकपालाकडे जाता येत नाही, म्हणून आधी लोकपाल.

सह्याद्री_77, तुमच्या मेहुण्यांना त्रास झाला हे खरं असणार. पण ताईंच्या बाबतीत प्रश्न दोन लाख सतरा हजारांचा आहे. शिक्षक, शेतकरी, दुकानदार यांच्या घरात तेवढे पैसे साठायला किती वर्षं लागतात ते आपल्याला माहीत आहे.

न्यूजर्सीकर

आयडीव्हीचा हा नियम मला माहीत नव्हता. बाबांची गाडी सांगलीला आहे, आजच त्यांची पॉलिसी मागवतो. रिन्यूअलला हप्ता कमी व्हावा म्हणून एजंट आयडीव्ही खाली आणतात असं ऐकलंय, ते खरं का?

डेंटिंगपेंटिंग_कोल्हापूर

हो, सर्रास. हजार-दीड हजार वाचतात आणि गाडी गेली की पन्नास-साठ हजारांचा खड्डा. गाडी नवीन असेल तर रिटर्न टू इन्व्हॉइसही घ्या, त्यात टोटल लॉसला बिलाची किंमत मिळते.

कोयनाकाठ

कळवायला उशीर झाला, माफ करा. लिफ्टवर घेतल्यावर सबफ्रेम वाकलेली निघाली, रॅकही गेला. सप्लिमेंटरी एस्टिमेटनंतर सर्व्हेअरने 3,94,000 धरले. बोलीदाराचं नाव कंपनीने शेवटपर्यंत दिलं नाही. दुसऱ्या मेलनंतर मात्र लेखी आलं: आरसी रद्द करून द्या, सांगाडा आम्ही घेतो, 4,79,000 मंजूर. बँकेचे पैसे थेट गेले. एनओसी आली, मिस्टर आज आरटीओत गेलेत.

आता वर्कशॉपवाले पार्किंगचे दिवसाला 300 आणि एस्टिमेटचे वेगळे 8,600 मागताहेत. नाही दिले तर कंपनीच्या माणसाला गाडी उचलू देणार नाही म्हणतात. हे आम्ही द्यायचं का?

डेंटिंगपेंटिंग_कोल्हापूर

गाडी आत घेताना जॉब कार्डवर सही केली असेल, त्याच्या मागे पार्किंगचा दर छापलाय का बघा. छापला नसेल तर देऊ नका, मॅनेजरला लेखी विचारा. एस्टिमेट चार्ज बहुतेक वर्कशॉप घेतात, पण बोलून कमी करतात. नवीन गाडी त्यांच्याकडेच बुक करणार असाल तर तो सरळ माफ करायला सांगा. जे काही द्याल त्याचं जीएसटीसह बिल घ्या आणि मंजुरीच्या तारखेनंतरचं पार्किंग कंपनीकडे मागा. सांगाडा घ्यायचं तेव्हा त्यांनीच लेखी मान्य केलंय.

वाशिष्ठीकाका

ताई, फार बरं वाटलं. आरसी रद्द झाल्याचा आरटीओचा कागद हातात आल्याशिवाय गाडीची चावी देऊ नका. मिस्टरांच्या मनगटाची काळजी घ्या.