गर्द सोडवायला ब्युप्रेनॉर्फिन : उपचार की नुसती अदलाबदल?

कडुलिंब :
गर्द (हेरॉइन) सुटावी म्हणून रोज जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिन, तेही वर्षानुवर्षं. ही गोळीसुद्धा ओपिऑइडच, म्हणजे गर्दसारखीच अफूच्या जातीची. टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, गर्दच्या शेवटच्या डोसनंतर ६ ते १२ तासांत सुरू होते: जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटऱ्यांत गोळे, जुलाब. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस आणि साधारण आठवड्यात उतार. तेवढे दिवस देखरेखीखाली काढले की शरीर मोकळं. खरं काम त्यानंतरचं, समुपदेशनाचं आणि संगत बदलण्याचं. गोळी हाताशी असली की नेमकं तेच टळतं.

अबोली :
"शरीर मोकळं" यातच तर धोका आहे. त्या आठवड्यात सवयीनं आलेली सहनशक्ती उतरते, तलफ मात्र महिनोन् महिने टिकते. घसरलेला माणूस हात सवयीचा म्हणून जुनाच डोस घेतो आणि श्वास मंदावत थांबतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यावरचे पहिले दोन आठवडे म्हणूनच सगळ्यात जोखमीचे.

ब्युप्रेनॉर्फिन ओपिऑइडच आहे, मान्य. पण गर्द मेंदूत ज्या रिसेप्टरला (पेशीवरच्या ग्राहकाला) चिकटते, त्यालाच ते घट्ट चिकटतं आणि अर्धवटच चालू करतं. ठरावीक डोसपुढे श्वासावरचा परिणाम फारसा वाढत नाही, वरून गर्द घेतली तरी किक बसत नाही. रोज गोळी लागणं म्हणजे अवलंबित्व. घर विकून, चोरी करून नशा शोधत फिरणं म्हणजे व्यसन. या दोन गोष्टी एकाच तराजूत घालू नका.

दीपस्तंभ :
बरेच उपचार पहिल्याच दिवशी फसतात, कारण घाई. गर्द अंगात असताना गोळी दिली तर ती गर्दला रिसेप्टरवरून हुसकावते आणि तास-दीड तासात भयंकर टर्की येते. रुग्ण म्हणतो, "औषधानंच मारलं," आणि परत येत नाही. शेवटच्या डोसला १२ ते २४ तास होऊन टर्कीची लक्षणं स्पष्ट दिसली की २ ते ४ मिलिग्रॅम द्यायचं, तास-दोन तास बघायचं, मग वाढवायचं. फेंटानिल हे गर्दपेक्षा जहाल ओपिऑइड चरबीत साठतं, तिथे जास्त थांबावं लागतं. गोळी पूर्ण विरघळेपर्यंत जिभेखालीच हवी. गिळली तर यकृतातच बरीचशी वाया जाते.

कडुलिंब :
जुन्या डोसचा मुद्दा पटला, तो मी हलक्यात घेतला होता. पण मेथाडोनला, गर्दऐवजी देतात त्या दुसऱ्या ओपिऑइडला, हीच सूट देऊ नका. ते रिसेप्टर पूर्ण चालू करतं आणि अंगात साठत जातं. तिसऱ्या दिवशीचा तोच डोस पहिल्या दिवसापेक्षा भारी पडतो, हृदयाची लयही बिघडू शकते. ब्युप्रेनॉर्फिनसुद्धा दारू किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर जिवावर बेततं. आणि मेथाम्फेटामिन, कोकेनसाठी अशी बदली गोळीच नाही. मग हाच "व्यसनावरचा इलाज" म्हणून का मिरवायचा?

अबोली :
मिरवू नये, फक्त ओपिऑइडसाठीच म्हणावं. मेथाडोनबद्दल तुमचं बरोबर आहे. सुरुवात ३० मिलिग्रॅमच्या आत आणि वाढ सावकाश हवी. पण समुपदेशनाला यायला माणूस जिवंत लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये सुमारे ३.९५ कोटी लोकांना अमली पदार्थांमुळे आजार जडला होता आणि पाचांतल्या एकालाच उपचार मिळत होते. त्यात गोळी बंद करायची घाई कशाला? बंद करायचीच तर महिनोन् महिने थोडी थोडी उतरवा. शेवटचे २ मिलिग्रॅम सगळ्यात चिवट असतात. आणि घरात नॅलोक्सोन, म्हणजे ओपिऑइडचा जास्त डोस झाल्यावरचा उतारा, ठेवा. त्याचा असर ३० ते ९० मिनिटांचाच, म्हणून माणूस उठून बसला तरी रुग्णवाहिका परत पाठवायची नाही.