मदत हवी आहे: कोविड काळातली ब्लड कल्चर, प्रबंध अडकलाय

सूक्ष्मजीवी
एमडी मायक्रोबायोलॉजी, शेवटचं वर्ष. २०१९ आणि २०२०-२१ ची ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ही तपासणी) शेजारी ठेवली तर कोविडमध्ये पॉझिटिव्हचं प्रमाण चढलेलं दिसतं. पण त्यात निम्म्याहून जास्त कॉन्स (कोअ‍ॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकॉकाय). ते काढले की प्रमाण २०१९ च्याही खाली जातं. गाइड सर म्हणतात 'संसर्ग वाढले' असंच लिही. कॉन्स धरायचे की काढायचे? सोमवारी दाखवायचंय, प्लीज लवकर सांगा.

रात्रपाळी
फक्त आयसीयू की सगळे वॉर्ड? एकाच पेशंटमध्ये तोच जंतू चारदा वाढला तर चार धरलेत की एक? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

सूक्ष्मजीवी
सगळे वॉर्ड. रजिस्टरमध्ये आहे तसं, एक बाटली एक ओळ.

थेंबेथेंबे
सरळ काढून टाका. कॉन्स म्हणजे कातडीवरचे जंतू, रक्त घेताना बाटलीत शिरतात. पीपीई घातलेलं, चष्म्यावर वाफ, दोन-दोन हातमोज्यांतून शीर लागत नाही. कातडीला क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक) लावून वाळू द्यायला कुणाला उसंत होती? मिळेल त्या लाइनमधून (शिरेत आधीच घातलेल्या नळीतून) रक्त ओढलं जायचं. मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या रुग्णालय-समूहात इतक्या बाटल्या आल्या की मशिनमध्ये जागा पुरेना, पाचाऐवजी चार दिवसांत बाटल्या काढाव्या लागल्या. तिथे कोविड पेशंटांत ३.८ टक्के पॉझिटिव्ह, कोविड नसलेल्यांत ८. त्या ३.८ मध्येही बरंचसं कंटॅमिनेशनच, म्हणजे बाहेरून मिसळलेले जंतू. रक्त घ्यायला प्रशिक्षित माणसं वेगळी नेमा, हा प्रश्नच उरणार नाही.

रात्रपाळी
तिने माणसं नेमायचं विचारलेलं नाही हो. आणि मार्चमधलं न्यूयॉर्क म्हणजे लाटेची सुरुवात. व्हेंटिलेटर, स्टेरॉइड, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) यांवर दोन-दोन आठवडे काढलेल्या पेशंटचं काय? आयसीएमआरच्या जाळ्यातल्या १० रुग्णालयांच्या अभ्यासात कोविडवर दुसरा संसर्ग ३.६ टक्क्यांनाच झाला, पण त्यांतले ५६.७ टक्के दगावले. जंतू मुख्यतः क्लेबसिएला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर, कॉन्स नव्हे. सरांचं अगदीच चूक नाही.

लेकबाबांची
अवांतराबद्दल माफ करा. बाबांना चार दिवस ताप आहे, प्रोकॅल्सिटोनिन (संसर्गाची रक्ततपासणी) थोडं वाढलंय. कल्चर करून घ्यावं का?

रात्रपाळी
ताई, धाग्यावर थांबू नका, आजच डॉक्टरांना दाखवा. कल्चर करायचं ठरलं तर अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी रक्त घ्यायला सांगा.

छेदबिंदू
तुम्ही दोघं वेगवेगळ्या छेदांवरून, म्हणजे कशामागे मोजायचं यावरून, भांडताय. कोविडमध्ये ताप आलेल्या प्रत्येकाचं कल्चर गेलं, म्हणून बाटल्यांमागे खरे पॉझिटिव्ह कमी दिसतात. आयसीयूतल्या दर १००० पेशंट-दिवसांमागे (एक पेशंट एक दिवस म्हणजे एक) मोजलं तर तोच आकडा वाढलेला निघू शकतो. शिवाय नेहमीचे पेशंट, ऑपरेशनं बंद होती, म्हणजे २०१९ चे पेशंटच वेगळे. सूक्ष्मजीवी, एका पेशंटचे किती सेट (एका टोचणीत घेतलेल्या बाटल्या) घेता?

सूक्ष्मजीवी
एकच बाटली. सगळीकडे तसंच असतं ना?

छेदबिंदू
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. प्रौढ पेशंटचे दोन वेगळ्या जागांहून दोन सेट घेतले आणि दोन्हींत तोच कॉन्स आला, तर तो खरा म्हणता येतो. एका बाटलीवर ना धरता येतो, ना काढता. त्याचा 'अनिर्णित' असा वेगळा रकाना करा. केसपेपरवर सेंट्रल लाइन असेल आणि एक-दोन दिवसांत पुन्हा घेतलेल्या कल्चरमध्ये तोच आला असेल, तरच खऱ्यांत हलवा. पेशंटमागे तोच जंतू १४ दिवसांत एकदाच मोजा. दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आतले आणि नंतरचे (रुग्णालयात लागलेले) वेगळे करा. सरांचं म्हणणं खरं असेल तर ते नंतरच्यांत दिसेल.

थेंबेथेंबे
एका बाटलीत रक्त तरी किती घालता? ८ ते १० मिलीपेक्षा कमी असेल तर खरेही निसटतात. २०२० मधल्या घाईत बाटल्या अर्ध्याच भरल्या असतील तर तुमचा खालचा आकडाही भरवशाचा नाही.

सूक्ष्मजीवी
बाटलीत किती रक्त होतं त्याची नोंद नाही. पेशंट-दिवस रेकॉर्ड रूममधून मिळतील, उद्याच जाते. पण एप्रिल-मे २०२१ मध्ये अर्धे वॉर्ड आयसीयूसारखे चालवले होते, तिथे लाइन टाकलेले पेशंट कागदावर 'जनरल वॉर्ड' आहेत. त्यांना कुठे घालू?