जाडजूड कादंबरी पहिल्यांदा कधी संपवली? आपापले अनुभव सांगा

माझ्यापासनंच सुरू करते. आमच्या घरात 'मृत्युंजय' होतं पण आई त्यात लाईट बिलं ठेवायची, शाळेत सावंत आजऱ्याचे, आपल्या जिल्ह्यातले एवढं पाठ होतं, पुस्तक काय उघडलं नाही. एक्केचाळिसाव्या वर्षी लेकाला पोहायला सोडून तासभर बाहेर बसायला लागायचं, मोबाईल बघून डोळे दुखायला लागले म्हणून ते उचललं. आत १९९८ चं एक बिल निघालं, तीच खूण म्हणून वापरली. मला वाटलेलं सगळं कर्णच सांगणार, तर मधेच कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, धाकटा भाऊ शोणसुद्धा. शोणाचं वाचताना लेक ओला येऊन उभा राहिला तरी कळलं नाही, थंडीनं दात वाजत होते त्याचे. चला, आता तुमचं येऊ दे.

मी हुपरीत चांदीकाम करतो. लायब्ररीतनं पेंडशांचं 'तुंबाडचे खोत' आणलं, दोन भाग आहेत. चार पिढ्यांचे खोत, कोण कुणाचा चुलता कळंना, मग कॅलेंडरच्या पाठीमागं झाडच काढलं आणि भट्टीजवळ चिकटवलं, कारागीर पोरं विचारत्यात मालक ही कुणाची भावकी. पहिला भाग संपला आणि दुसरा कुणीतरी नेलेला! तीन आठवडे थांबलो. नेणाऱ्यानं पहिला वाचलाच नव्हता म्हणे, असली माणसं पण असत्यात.

एसटीत कंट्रोलर होतो, आता रिटायर. सकाळी रंकाळ्यावर फिरायचं आणि मग बाकावर वाचत बसायचं. टॉलस्टॉयची 'अ‍ॅना कॅरेनिना' अनुवादात घेतली, पुस्तकाला नाव बाईचं आणि बाई येते १८ व्या प्रकरणात, ते पण रेल्वे स्टेशनवर. म्हटलं आमची गाडी एवढी लेट झाली असती तर प्रवाशांनी केबिन फोडली असती. पण पुढं तो लेव्हिन जमीनदार असून मजुरांबरोबर गवत कापायला उतरतो, आधी हात भरून येतात, मागं पडतो, मग विळा आपोआप चालतोय असं त्याला वाटायला लागतं. मी लहानपणी पन्हाळ्याकडं गवतकापणीला जात होतो, दुपारनंतर अगदी असंच व्हायचं बघा, कंबर आहे का नाही तेच कळायचं नाही. रशियातल्या माणसाला हे कसं ठाऊक? तेवढा भाग हिला वाचून दाखवला. ही म्हणाली, भाकरी करपायली, पण जागची उठली नाही.

मला नाही जमलं ब्वा. 'वॉर अँड पीस' तीनदा धरलं, एकेका माणसाला तीन तीन नावं, कोण मेलं तेच कळंना. सोडलं. पण हुपरीवाले दादा, ते कॅलेंडरचं बरं सुचवलं, यावेळी तसं करून बघतो.